परदेशी पाहुणा कशामुळे येतो आणि त्याचा पैसा कुठे थांबतो

गोव्यात २०१९ साली सुमारे ९ लाख ३७ हजार परदेशी पर्यटक आले होते. २०२४ साली ही संख्या सुमारे ४ लाख ६८ हजार होती, म्हणजे पाच वर्षांत निम्मे पाहुणे कमी झाले. याच काळात देशातून येणारे पर्यटक ७१ लाखांवरून ९९ लाखांच्या पुढे गेले, त्यामुळे किनारे ओस पडल्याचे कोणाला जाणवले नाही. पण ज्यांचा व्यवसाय परदेशी पाहुण्यांवर चालत होता, त्यांना ते पहिल्याच हंगामात कळले. निम्मे पाहुणे कुठे गेले, या प्रश्नाला गोव्यात जी उत्तरे ऐकू येतात, ती बहुधा गोव्यातलीच असतात: किनाऱ्यावरचा कचरा, खोल्यांचे वाढलेले भाडे, टॅक्सीचे दर. या तक्रारींत तथ्य आहे. मात्र घटना कालक्रमाने मांडल्या, तर निम्म्याहून अधिक कारणे मँचेस्टर, मॉस्को आणि दिल्ली येथे घडलेली दिसतात. शिवाय या आकड्यांच्या चर्चेत एक दुसरा प्रश्न मागे पडतो आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. पाहुणा येतो ती कारणे वेगळी असतात आणि आल्यावर तो किती खर्च करतो, तो खर्च कोणाच्या हाती पडतो, हे ठरवणारी कारणे वेगळी असतात. धोरण आखताना या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की केवळ डोकी मोजणे हेच यश मानले जाऊ लागते.

प्रथम मोजणीविषयी. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, आपल्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाबाहेर किमान एक रात्र आणि एका वर्षाहून कमी काळ राहणारा आणि तेथे नोकरी न करणारा प्रवासी हा पर्यटक होय. सकाळी मुरगाव बंदरात क्रूझ जहाजातून उतरून, जुन्या गोव्यातील चर्च पाहून संध्याकाळी जहाजावर परतणारा मनुष्य या व्याख्येत बसत नाही; तो दिवसभराचा अभ्यागत ठरतो. ही तांत्रिक बाब वाटेल, पण तिच्यात सगळ्या विषयाचे मर्म आहे, कारण परदेशी पाहुण्याचा खर्च मुख्यतः रात्रींच्या संख्येवर वाढतो. जहाजावरच्या प्रवाशाची झोपण्याची, जेवणाची आणि करमणुकीची सोय जहाजावर झालेली असते. बंदराच्या गावाला त्याच्याकडून बसचे भाडे, मार्गदर्शकाची फी आणि एखादी आठवणवस्तू एवढेच मिळते.

पाहुणा येतो कशामुळे, हे समजण्यासाठी त्याच्या घरापासून सुरुवात करावी लागते. जगातील बहुतेक लोक सुट्टीत दूर जात नाहीत, शेजारी जातात. दोन देशांत लोकसंख्या आणि संपत्ती जितकी जास्त व अंतर जितके कमी, तितकी ये-जा अधिक, हा अर्थशास्त्रातील साधा नियम पर्यटनालाही लागू पडतो. येथे अंतर म्हणजे केवळ किलोमीटर नव्हेत. किती तास लागतात, विमान किती वेळा बदलावे लागते, परवानगी किती सहज मिळते, तेथली भाषा कळते का, तेथे ओळखीचे कोणी आहे का, हे सारे अंतरच आहे. सौंदर्याचा विचार यानंतर येतो. सुंदर समुद्रकिनारा जगात शेकडो ठिकाणी आहे. त्यांपैकी आपल्या गावाहून थेट विमान जाते असा किनारा मात्र दोन-चार ठिकाणीच असतो.

गोव्याची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हणजूण, कलंगुट, वागातोर येथे पाश्चात्त्य हिप्पी तरुण येऊ लागले, त्यांतले पुष्कळ जण युरोपातून जमिनीच्या मार्गाने, मजल दरमजल करीत आलेले होते. त्यांच्यापाशी पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ होता. त्यांनी गोव्याला मोठी रक्कम दिली नाही, पण नाव दिले. युरोपातील तरुणांच्या बोलण्यात हे नाव रुळले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चार्टर विमाने सुरू झाली आणि चित्र पालटले. चार्टर म्हणजे प्रवास कंपनीने संपूर्ण विमानच भाड्याने घ्यायचे, हॉटेलच्या खोल्या आगाऊ घाऊक दराने राखून ठेवायच्या आणि विमान, निवास व कधी जेवणही एकाच किमतीत ग्राहकाला विकायचे. इंग्लंडमधल्या एखाद्या गावी थंडीने आणि लवकर पडणाऱ्या अंधाराने कंटाळलेले निवृत्त जोडपे अशा कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकेतून दोन आठवड्यांचे ऊन विकत घेत असे. ते ऊन गोव्याचे असावे की इजिप्तचे की कॅरिबियन बेटांचे, हे पुष्कळ अंशी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने कित्येक महिने आधीच ठरवलेले असे. खोल्या कुठे स्वस्त मिळतात, विमानाला उतरण्याची वेळ कुठे सोयीची मिळते, यावर ते अवलंबून होते. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर असल्याने नागरी विमानांना तेथे वेळेच्या मर्यादा सोसाव्या लागत, तरी गोव्याचा हिवाळा विकला जात राहिला.

या साखळीची एकेक कडी कशी तुटली, ते आता पाहता येते. २०१४च्या आरंभी एका डॉलरला सुमारे ३३ रुबल पडत. २०१६च्या जानेवारीत ७५ हून अधिक पडू लागले. मोरजी आणि हरमलच्या किनाऱ्यांवर त्या काळी रशियन पाहुण्यांची वस्ती होती, फलक आणि खाद्यपदार्थांची यादीसुद्धा रशियन लिपीत असे. त्या पाहुण्यांसाठी गोवा दोन वर्षांत दुपटीने महाग झाला, आणि यात गोव्यातील कोणीही भाव वाढवलेले नव्हते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कुक ही जुनी प्रवास कंपनी बुडाली आणि गोव्याला ब्रिटिश पाहुणे आणणारी तिची विमाने हंगामाच्या तोंडावर थांबली. त्यानंतर महासाथ आली. भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बंद होती. ती खुली होत असतानाच युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि रशियन बँकांची व्हिसा व मास्टरकार्ड ही कार्डे रशियाबाहेर चालेनाशी झाली. पुढे मॉस्कोहून विमाने येऊ लागली तरी पैसे देण्याची अडचण उरलीच. ब्रिटिश नागरिकांना २०१५ पासून मिळत असलेली ई-व्हिसाची सोय महासाथीत थांबली होती, ती डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर त्या हंगामाचे दोन महिने सरले होते. थायलंड आणि तुर्कस्तान रशियनांना व्हिसाशिवाय येऊ देतात, हेही ध्यानात घ्यावे लागते, कारण सुट्टीवर जाणारा मनुष्य अर्जाचे पान भरताना कंटाळला तर दुसऱ्या देशाचे पान उघडतो, तक्रार करीत बसत नाही.

आणखी एक कडी गोव्यातच तुटली, मात्र ती कोणाच्या दोषाने नव्हे. देशी पर्यटक वाढले, लग्नसमारंभ आणि कंपन्यांची संमेलने वाढली, आणि हॉटेलांना डिसेंबरच्या खोल्या घाऊक दराने महिनोन्‌महिने आधी कोणा परदेशी कंपनीला देऊन टाकण्याची गरज राहिली नाही. चार्टरचा सगळा हिशेब स्वस्त खोलीवर उभा होता. खोली महागली की कंपनी ते विमान दुसऱ्या किनाऱ्याकडे वळवते. हॉटेलमालकाच्या बाजूने पाहता हा निर्णय पूर्णपणे शहाणपणाचा होता. त्याचा फटका किनाऱ्यावर शॅक, म्हणजे हंगामी उपाहारगृह, चालवणाऱ्याला आणि भाड्याने खोल्या देणाऱ्या घरांना बसला, कारण तीन रात्रींसाठी आलेला पाहुणा आणि दोन आठवड्यांसाठी आलेला पाहुणा एकाच प्रकारे दिवस घालवीत नाहीत.

किंमत हा मोठा घटक आहे, पण एकट्या किमतीने पाहुणे येत नाहीत, हे श्रीलंकेच्या अनुभवावरून स्पष्ट होते. २०२२च्या मार्च ते मे या काळात तेथील रुपया डॉलरमागे २०० वरून सुमारे ३६० पर्यंत घसरला, म्हणजे परदेशी पाहुण्यासाठी तो देश जवळजवळ निम्म्या किमतीत उपलब्ध झाला. तरीही त्या वर्षी सुमारे ७ लाख २० हजार पर्यटकच तेथे गेले, जेव्हा २०१८ मध्ये २३ लाखांहून अधिक गेले होते. पेट्रोलसाठी रांगा लागलेल्या आणि वीज खंडित होणाऱ्या देशात स्वस्ताई उपभोगायला कोणी जात नाही. परिस्थिती निवळल्यावर मात्र २०२३ मध्ये हीच संख्या दुपटीने वाढून १४ लाख ८७ हजार झाली. जपानमध्ये याच्या उलट स्थिती होती: सुरक्षितता, स्वच्छता, रेल्वे हे सगळे आधीपासून होते, आणि सोयींबरोबर स्वस्ताई आली. २०१३ नंतर आग्नेय आशियातील देशांसाठी व्हिसाचे नियम शिथिल झाले, करमुक्त खरेदीची यादी वाढवण्यात आली आणि येनचे मोल घसरत गेले. २०१२ मध्ये ८४ लाखांच्या आत असलेले पाहुणे २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर पोहोचले आणि त्यांनी सुमारे ८.१ लाख कोटी येन खर्च केले.

जपानचे आकडे खर्चाच्या प्रश्नाकडे नेतात. २०२४ मध्ये त्या देशात आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश दक्षिण कोरियाचे होते, पण दर माणशी त्यांचा खर्च एक लाख येनहून थोडाच अधिक होता. ब्रिटिश पाहुण्याचा दर माणशी खर्च ३ लाख ८० हजार येनच्या पुढे होता. यावरून कोरियन माणूस कंजूष आणि ब्रिटिश उदार असा अर्थ काढणे चूक ठरेल. सोलहून ओसाकाला दोन तासांत जाता येते, म्हणून कोरियन पाहुणा शनिवार-रविवारसाठी जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातो. लंडनहून जाणारा आयुष्यात बहुधा एकदा-दोनदा जातो, त्यामुळे तो दोन-तीन आठवडे राहतो आणि सारा देश पाहूनच परततो. लांबच्या प्रवासाचे तिकीट महाग असते, आणि ते महाग तिकीट वसूल व्हावे म्हणून मनुष्य अधिक दिवस राहतो, ही अंतराची दुसरी बाजू आहे: जे अंतर पाहुण्यांची संख्या घटवते, तेच त्यांच्या रात्री वाढवते.

भारताच्या बाबतीत हे फारच ठळकपणे दिसते. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले आणि त्यांच्यापासून सुमारे ३० अब्ज डॉलर मिळाले, म्हणजे दर माणशी २,७०० डॉलरांहून अधिक. फ्रान्समध्ये त्या वर्षी सुमारे ९ कोटी लोक गेले आणि उत्पन्न सुमारे ६४ अब्ज डॉलर झाले, म्हणजे दर माणशी ७०० डॉलरांच्या आसपास. पॅरिस महाग आहे हे सर्वांना ठाऊक असताना असे का व्हावे? फ्रान्सच्या मोजणीत जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स येथून मोटारीने स्पेनकडे जाताना वाटेत एक रात्र मुक्काम करणारे लोकही असतात. भारतात येणाऱ्याला असे वाटेत थांबून जाता येत नाही. तो येतो तेव्हा आठवडे काढून येतो. त्यामुळे फ्रान्समध्ये नऊ कोटी आणि आपल्याकडे एक कोटी, ही तुलना करून मान खाली घालणाऱ्यांनी हा भागाकारही करून पाहावा.

भारताच्या आकड्यात अर्थात एक मोठी मेख आहे. येथे येणाऱ्या परदेशी नागरिकांत भारतीय वंशाचे पुष्कळ लोक असतात. न्यू जर्सीत स्थायिक झालेले, अमेरिकी पारपत्र असलेले पुण्याचे कुटुंब डिसेंबरात आजी-आजोबांकडे येते, तेव्हा तेही परदेशी पर्यटक म्हणून मोजले जाते. हे कुटुंब महिनाभर राहते, पण हॉटेलात राहत नाही. त्याचा खर्च सोने, साड्या, दातांची व डोळ्यांची कामे, मुंजी-लग्ने आणि नातेवाइकांसह केलेली कोकणची सहल यांत होतो. जाहिरातीने त्यांचे येणे वाढत नाही आणि स्वच्छतेच्या तक्रारीने थांबत नाही. प्रवासाचा हेतू हा खर्चाचा साचा ठरवतो. आखाती देशांतून मुंबईत शस्त्रक्रियेसाठी येणारा रुग्ण दोन-तीन नातेवाइकांना घेऊन येतो आणि त्यांचा मुक्काम डॉक्टर सांगतील तितका लांबतो. कामासाठी आलेला अधिकारी दररोज सर्वांत जास्त खर्च करतो, पण पैसे कंपनीचे असतात आणि काम संपताच तो निघून जातो.

आता तो पैसा थांबतो कुठे, याचा विचार करू. समजा, इंग्लंडमधील एका जोडप्याने गोव्याच्या दोन आठवड्यांसाठी अडीच लाख रुपये मोजले. यांतला विमानाचा भाग परदेशी विमान कंपनीला गेला, प्रवास कंपनीने आपला नफा ठेवला, आणि हॉटेलला घाऊक दराने ठरलेले भाडे मिळाले. हॉटेल बाहेरच्या साखळीचे असेल, तर त्यातलाही काही हिस्सा पुढे गेला. बारमधले मद्य आयात केलेले असेल, तर तेही पैसे बाहेर गेले. गळती या एका शब्दात अर्थशास्त्रज्ञ हे सांगतात. न्याहारी आणि दोन्ही जेवणे आधीच किमतीत धरलेली असतील, तर ते जोडपे हॉटेलच्या फाटकाबाहेर जेवायला येण्याचे कारणच उरत नाही. याच्याशी तुलनेसाठी हरमलला एखाद्या घराची खोली घेऊन तीन महिने राहणारा पाहुणा घ्या. समजा, तो दिवसाला दोन हजार रुपयेच खर्च करतो. नव्वद दिवसांत ते एक लाख ऐंशी हजार होतात, आणि खोलीचे भाडे घरमालकिणीला, स्कूटरचे भाडे शेजाऱ्याला, मासळीचे पैसे शॅकमार्फत होडीवाल्याला, पावाचे पैसे सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराला मिळतात. सरकारी भाषेत पहिला पाहुणा उच्च दर्जाचा आणि दुसरा कमी खर्चाचा समजला जातो. ही विभागणी मला नेहमीच खटकते, कारण ती दिवसाचा खर्च मोजते. रात्रींनी गुणत नाही आणि पैसा शेवटी कोणत्या घरात गेला, हे विचारत नाही.

पाहुण्याच्या हातून स्थानिक खर्च घडतो तो मुख्यतः तो बाहेर पडला तर, म्हणून स्थानिक वाहतुकीला माझ्या मते कमी लेखले जाते. कोलव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्याला फोंड्याची मसाल्याची बाग, तेथली देवळे किंवा जुन्या गोव्यातील चर्च पाहायची असतील आणि जाण्यायेण्याचा खर्च आगाऊ कळत नसेल, तर तो पोहण्याच्या तलावाकाठीच दिवस काढतो. अशा वेळी बुडते ते केवळ टॅक्सीचे भाडे नसते; बागेतले जेवण, मार्गदर्शकाची फी, काजूची आणि फेणीची खरेदी, हे सगळे त्याबरोबर बुडते. टॅक्सीचालक बहुतांशी स्थानिक आहेत, त्यांची कर्जे आणि छोटा हंगाम खरा आहे, त्यामुळे हा तिढा केवळ ॲप आणून सुटण्यासारखा नाही. परंतु भाडे आधी कळणे, ही पाहुण्याची अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

संख्या कमी ठेवून प्रत्येकाकडून अधिक घ्यावे, असा एक मार्ग भूतानने निवडला आहे. तेथे प्रत्येक रात्रीमागे सरकारला शुल्क द्यावे लागते. पूर्वी ते ६५ डॉलर होते, सप्टेंबर २०२२ मध्ये २०० डॉलर करण्यात आले, आणि पाहुणे फारच घटल्यावर वर्षभरात १०० डॉलरांवर आणण्यात आले. भारतीयांसाठी ते रात्रीला १,२०० रुपये आहे. या शुल्कातून सरकारला पैसा मिळतो, पण रात्रीमागे आकारणी असल्याने पाहुण्याला मुक्काम आखडता घेण्याचेही कारण मिळते, आणि त्याचा तोटा छोट्या हॉटेलवाल्याला होतो. दर खाली आणावा लागला, यामागे हा हिशेब होता.

महाराष्ट्रात हाच विषय अजिंठा-वेरूळला लावून पाहावा. दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. जपानच्या अर्थसाहाय्याने १९९२ पासून तेथील रस्ते, विमानतळ आणि संवर्धनाची कामे दोन टप्प्यांत झाली, आणि बौद्ध देशांतून पाहुण्यांचा ओघ लागेल अशी आशा होती. परंतु थायलंड किंवा म्यानमारमधील भाविक बोधगयेला जातो, कारण तेथे जाणे हे त्याच्या श्रद्धेचे कर्तव्य आहे, आणि हिवाळ्यात गयेच्या विमानतळावर त्याच्यासाठी थेट विमाने उतरतात. अजिंठ्याला जाणारा चित्रकला पाहायला जातो, भक्तीसाठी नव्हे, आणि त्याला बहुधा मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुढचा प्रवास करावा लागतो. आकर्षणाची श्रेष्ठता दोन्हीकडे निर्विवाद आहे; हेतू आणि वाट यांत फरक आहे. येथे आलेल्या परदेशी पाहुण्याने दोन्ही लेण्यांची प्रत्येकी ६०० रुपयांची तिकिटे काढली, तरी छत्रपती संभाजीनगरला त्यातून काही राहत नाही. शहराला मिळते ते रात्रीच्या मुक्कामातून, संध्याकाळच्या जेवणातून, हिमरू आणि पैठणीच्या दुकानांतून. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर. दोन्ही नीट पाहायची, तर दोन दिवस लागतात, आणि तिसरा दिवस दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि विणकरांच्या मागांसाठी सहज निघतो. अजिंठा दर सोमवारी बंद असते आणि वेरूळ दर मंगळवारी. रविवारी रात्री पोहोचलेल्या पाहुण्याला ही गोष्ट आणि सोबत तिसऱ्या दिवसाचा बेत विमानाचे तिकीट काढतानाच कळला, तर तो सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा पाहून बुधवारी मागांच्या गल्लीत असतो. नाही कळला, तर सोमवारी बंद दार पाहून जेमतेम वेरूळ उरकतो आणि संध्याकाळच्या विमानाने मुंबईला परततो.